किरकोळ दुरुस्ती

मालन घाडीगावकर आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत लहानाची मोठी झाली. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, लालबागच्या म्युनिसिपल शाळेत शिकवायचे. चाळीतली पोरं अभ्यासात अडली की माझ्याकडे येत. मालन आली नाही, कारण ती अडतच नसे. एकदा मात्र तिने माझ्याच हजेरीपुस्तकातली बेरीज चुकल्याचं मला दाखवलं आणि दाखवून झाल्यावर स्वतःच लाजून पळून गेली.

ब्याऐंशीच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तिचे बाबा रघु गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांनी सहा महिने वाट बघितली आणि मग देवगडकडच्या गावाला निघून गेले. ते तिथे रमले की अडकले, हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. इथे मालन आणि तिची आई राहिल्या. आई दादरला दोन घरी स्वयंपाकाला जायची.

शेजारच्या खोलीत लवूकाका आणि रखमाकाकू. लवूकाका त्याच गिरणीत, पण घडीखात्यात. तयार कापडाचा तागा तपासायचा, घडी घालायची आणि त्यावर नंबराचा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. "एकवीस वर्सांत एक शिक्को चुकलो नाय," हे ते ओळख झाल्यावर पाचव्या मिनिटाला सांगायचे. संपानंतर गिरणीने त्यांना परत घेतलं नाही. मग रे रोडला एका लाकडाच्या वखारीत फळ्यांवर खडूने मापं लिहायला लागले. अक्षर छापल्यासारखं, म्हणून चाळीतले सगळे अर्ज त्यांच्या हातचे. रेशनकार्ड, शाळेचा दाखला, युनियनच्या कचेरीतले कागद, सगळं लवूकाका भरून देणार. त्यांना मूलबाळ नव्हतं.

मालनला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता तेव्हा बाबा गावाला. लवूकाकांनी वखारीतून रजा घेतली, तिचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळले आणि सकाळपासून तिच्याबरोबर रांगेत उभे राहिले. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "वडील का?" काका म्हणाले, "तसंच समजा."

शिकून मालन लोअर परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या सॉफ्टवेअर कंपनीत लागली. पंधरा माणसांची कंपनी. मालक हेरंब नावाचा, दादरचा, तिच्याच वयाचा. पॅथॉलॉजी लॅबसाठी रक्त-लघवीचे रिपोर्ट छापणारा प्रोग्राम ते बनवायचे. मालन तिथे जे काम करायची त्याला बिल्ड म्हणतात. मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पुढचं जे सांगते ते तिने मला समजावलं तसं.

प्रोग्राम लिहिणारे चार-पाच जण आपापला भाग लिहितात. ते सगळे भाग गोळा करून, यंत्राला समजेल असं रूपांतर करून, त्याची एक चालती फाईल तयार करायची आणि सीडीवर टाकण्यासाठी एका फोल्डरमध्ये ठेवायची. हे हाताने करण्याऐवजी मालनने एक बॅच फाईल लिहिली होती. बॅच फाईल म्हणजे हुकमांची यादी. पहिली ओळ संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. सगळं नीट झालं की स्क्रीन हिरवा व्हायचा आणि त्यावर अक्षरं यायची, बिल्ड ओके.

"पण ताई, मेख अशी आहे," ती मला म्हणाली होती, "एखादी ओळ फसली तरी कॉम्प्युटर थांबत नाही. तो पुढची ओळ करायला घेतो. प्रत्येक हुकूम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे ठीक, त्याच्या वर काहीही आलं म्हणजे गडबड. तो आकडा आपण बघायचा आणि आपणच त्याला थांब म्हणायचं. आपण नाही बघितलं तर कोणीच बघत नाही."

कंपनीला सीडी बनवायला, त्यांच्यावर नंबर घालायला आणि गिऱ्हाइकाकडे पोचवून बसवून द्यायला माणूस हवा होता. वखारीत लवूकाकांची कंबर गेली होती. मालनने हेरंबला त्यांचं नाव सुचवलं. चोपन्नाव्या वर्षी काका सीडी बनवायला शिकले. कोणता फोल्डर, कोणतं बटण, हे एका वहीत लिहून ठेवलं. काळ्या मार्करने सीडीवर नंबर असा घालायचे की गिऱ्हाइकांना तो छापीलच वाटे. चाळीच्या गॅलरीत ते आता तागे आणि शिक्के सोडून सीड्यांबद्दल बोलायला लागले. मालनकडे बघून म्हणायचे, "आमच्या बायने लावली नोकरी."

गोष्ट घडली ती दोन हजार दोन साली.

परळच्या एका लॅबमधून तक्रार आली होती. एकाच दिवशी एकाच नावाचे दोन पेशंट आले तर प्रोग्राम एकाचा रिपोर्ट दुसऱ्याच्या नावावर छापत होता. प्रोग्रामरनी ती चूक शोधून सुधारली. आता नवं बिल्ड करायचं आणि सीडी लॅबला द्यायची. लॅबचे फोनावर फोन येत होते आणि हेरंब मालनच्या टेबलापाशी उभा होता.

त्याच्या आदल्या आठवड्यात मालनने बॅच फाईलमध्ये एक बदल केला होता. तिची आधीची फाईल फार कडक होती, जराशा सूचनेवरही थांबायची. हेरंब वैतागून म्हणाला होता, "मालन, तुझं हे सारखं काय अडतं? जरा ढिलं कर ना." तिने तपासणीचा तो भाग घाईत नव्याने लिहिला. 'आकडा शून्य असेल तर ओके दाखव' असं तिच्या मनात होतं आणि तसंच तिने लिहिलं, इफ एररलेव्हल झिरो. पण त्या भाषेत त्याचा अर्थ होतो 'शून्य किंवा त्याहून जास्त'. म्हणजे काहीही झालं तरी ओके. हा खड्डा त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतो. तिलाही माहीत होता. मुद्दाम एखादी चूक घालून फाईल थांबते का, एवढं बघायला तिला दोन मिनिटं लागली असती. तिने बघितलं नाही.

त्या दिवशी माहितीपुस्तिकेसाठी प्रोग्रामच्या एका स्क्रीनचं चित्र घ्यायला तिने स्वतःच त्या मशीनवर जुना प्रोग्राम उघडून ठेवला होता. उघड्या फाईलवर नवी फाईल लिहिता येत नाही. रूपांतर फसलं. जुनीच फाईल जागेवर राहिली, तीच पुढे कॉपी झाली, फोल्डरला नवा नंबर लागला आणि स्क्रीन हिरवा झाला. "काका, झालं. घ्या," मालन म्हणाली. लवूकाकांनी त्या फोल्डरची सीडी केली, तिच्यावर नवा नंबर घातला आणि दुपारच्या आत परळला नेऊन बसवून दिली.

तीन आठवड्यांनी लॅबमधून पत्र आलं. अँटॉप हिलच्या एका पुतळाबाईंना दुसऱ्याच पुतळाबाईंचा साखरेचा रिपोर्ट गेला होता. तो बघून त्यांच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली. बाई घरात चक्कर येऊन पडल्या, तीन दिवस हॉस्पिटलात होत्या. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टवरचं वय बघितलं तेव्हा घोटाळा लक्षात आला. बाई वाचल्या. पत्राला त्या रिपोर्टची प्रत जोडली होती, नाव-पत्त्यासकट.

हेरंबने लॅबमध्ये जाऊन बघितलं. तिथे जुनाच प्रोग्राम चालत होता. ऑफिसमधल्या कोडमध्ये तर चूक सुधारलेली. लवूकाकांच्या ड्रॉवरमध्ये जुन्या सीड्या होत्याच. हेरंबने सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुम्ही जुन्या फोल्डरची सीडी केलीत का?"

काका म्हणाले, "नाय साहेब. मालनने दाखवला तोच."

"मग तिथे जुना कसा गेला?"

काकांनी वही काढली, पानं उलटली, वाचलं, पुन्हा वाचलं. मग वही मिटली. "काय सांगू साहेब. झाली असेल चूक. डोळ्यांना आताशा कमी दिसतं." त्यांना डोळ्यांना काही कमी दिसत नव्हतं. उत्तर सापडलं नाही म्हणून त्यांनी ते स्वतःवर घेतलं.

सोमवारपासून येऊ नका, असं हेरंबने त्यांना सांगितलं. आवाज चढवला नाही, नमस्कारही केला. मालन खाली मान घालून बसली होती. ती मला शपथेवर म्हणाली की त्या दिवशी तिलाही काकांचीच चूक वाटली होती. त्यांच्यासाठी तिला वाईट वाटलं. आपणच चिकटवलेला माणूस म्हणून थोडी लाजही वाटली.

चार दिवसांनी एका प्रोग्रामरने कोडमध्ये कंस अर्धाच सोडला. मालनने बिल्ड लावलं. स्क्रीनवर चुकांच्या ओळी भराभर वर सरकल्या आणि शेवटी स्क्रीन हिरवा झाला. बिल्ड ओके.

मग तिने पुन्हा लावलं. पुन्हा हिरवा.

प्रत्येक बिल्डचा मजकूर एका लॉग फाईलमध्ये साठायचा. तिने लॅबच्या दिवसाचा लॉग उघडला. मधोमध एक ओळ होती, फाईल उघडता येत नाही, ती वापरात आहे. त्याच्या खाली नऊ ओळींवर, बिल्ड ओके. बाजूच्या टेबलावर कोणीतरी डबा उघडला होता. तिने घाईने लॉग मिटला.

पुढे तिने जे केलं ते ती मला सांगत असताना माझ्याकडे बघत नव्हती. तिने झिरोच्या जागी एक केला आणि उलट तपासणी लावली, म्हणजे गडबड झाली की फाईल थांबेल. बॅच फाईलच्या डोक्यावर कोणी, कधी, काय बदललं ते लिहायची पद्धत होती. तिथे तिने तारीख घातली, स्वतःचं नाव घातलं आणि लिहिलं, किरकोळ दुरुस्ती. त्या दिवसाचा लॉग एका फ्लॉपीवर घेतला आणि मशीनवरून पुसून टाकला. फ्लॉपी घरी आणून आईच्या साड्यांच्या घडीत ठेवली.

"फेकून का नाही दिलीस?" मी विचारलं.

"फेकायला हात होईना. दाखवायलाही होईना."

संध्याकाळी घरी येताना तिला लवूकाका गॅलरीत बसलेले दिसले. ती जिन्यातून परत खाली उतरली आणि मागच्या बाजूच्या, मोरीकडच्या जिन्याने वर गेली. पुढचे आठ महिने ती त्याच जिन्याने वर-खाली करत होती. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "तिकडून बसस्टॉप जवळ पडतो." पडत नव्हता.

लवूकाका तेवढ्या काळात बदलले. आधी डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला, चष्म्याचा नंबर तोच आहे. मग त्यांना वाटायला लागलं की डोळ्यांत नाही, डोक्यात काही आहे. बसचा नंबर स्वतः वाचून झाल्यावर शेजारच्याला विचारायचे, "हीच ना रे?" चाळीतले अर्ज भरायचं त्यांनी बंद केलं. कोणी कागद घेऊन आलं तर म्हणायचे, "माझ्या हातून नको. काय तरी भलतंच लिहीन." पहिले काही दिवस लोकांनी आग्रह केला, मग लोक माझ्याकडे यायला लागले. मी भरून द्यायचे. त्यांच्या दारावरून ते कागद नेताना मला चोरट्यासारखं वाटायचं, आणि मला तर तेव्हा काहीच माहीत नव्हतं.

गणपती झाले, दिवाळी झाली. जानेवारीत एका रविवारी लवूकाकांनी मालनला मोरीपाशी गाठलं. हातात एक अर्ज होता, गिरणी कामगारांसाठी युनियनने वाटलेला.

"मालन, जरा बघ गो, बरोबर लिहिलंय का? तुझा वेळ घेतो. आता माझं काय खरं नाय."

तिने अर्ज घेतला. नाव, गिरणी, खातं, हजेरीच्या तिकिटाचा नंबर, सगळं त्या छापील अक्षरात. एकही चूक नव्हती. फक्त प्रत्येक आकड्याच्या शेजारी पेन्सिलीने बारीक टिकल्या होत्या. कुठे तीन, कुठे चार. प्रत्येक वेळी पुन्हा वाचलं की त्यांनी एक टिकली केली होती.

"बरोबर आहे काका," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं."

"बरं झालं," म्हणत ते वळले. मालन खोलीत गेली, आईला म्हणाली डोकं दुखतंय, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी तिने साड्यांतून फ्लॉपी काढली आणि लवूकाकांच्या दारात उभी राहिली.

रखमाकाकू तांदूळ निवडत होत्या. काका शर्टाची बटणं लावत होते. मालन बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सांगितलं. सीडीत चूक नव्हती, तुम्ही केलीत ती बरोबरच केलीत, मी दिलेला फोल्डरच जुना होता, माझ्या फाईलने खोटं सांगितलं आणि ते मी तपासलं नाही.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुका कधी कळला?"

तिला खोटं बोलता आलं असतं. काल कळलं, म्हणाली असती तर कोणाला काय समजणार होतं? ती म्हणाली, "तुम्ही गेल्यावर चार दिवसांनी."

"चार दिवसांनी." काकांनी बटण लावायचं सोडलं. "आणि आज?"

"आठ महिने झाले."

रखमाकाकूंचा हात सुपात तसाच राहिला. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "अहो, बाहेर जाताना तुम्ही दाराला कुलूप लावलंत की मी मागे राहून ते ओढून बघायचे. तुम्हाला दिसू नये म्हणून तुम्ही जिना उतरेपर्यंत थांबायचे."

"माका माहीत होता," काका म्हणाले.

मालन रडायला लागली तेव्हा काका चिडले. तोवर चिडले नव्हते. "रडू नको. तू रडलीस तर मी तुझी समजूत घालत बसू काय? चूक होते. माझ्या हातून पण झाली असती. पण मी रोज वही काढून बघत होतो गो. कुठे चुकलो, कुठे चुकलो. आणि तू भिंतीपलीकडे होतीस."

मालनने डोळे पुसले आणि फ्लॉपी पुढे केली. काकांनी ती घेतली नाही.

"जिथे मला येऊ नका सांगितलं तिथे सांग," काका शेवटी म्हणाले. "त्या सगळ्यांसमोर. मी येतो."

पुढच्या सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून तिच्याबरोबर ऑफिसात गेले. आधी तिने हेरंबला त्याच्या केबिनमध्ये सांगितलं. तो म्हणाला, "आता कशाला? मी काकांना उद्यापासून परत घेतो. विषय संपला. लॅबला कळवायचं काही कारण नाही." मालन म्हणाली, विषय संपलेला नाही. बाहेर येऊन तिने फ्लॉपी घातली, लॉग उघडला आणि पंधरा माणसांसमोर ती ओळ वाचून दाखवली. ती ओळ, खालचं बिल्ड ओके, आणि त्यानंतर बॅच फाईलच्या डोक्यावर स्वतः लिहिलेले दोन शब्द. एक नवीन मुलगा हसला, त्याला वाटलं ही काही गंमत चालली आहे. कोणीतरी त्याला गप्प केलं.

हेरंब लवूकाकांना म्हणाला, "सॉरी काका. उद्यापासून या." काकांनी नमस्कार केला आणि म्हणाले, "नको साहेब." त्याच महिन्यात त्यांना गिरगावात फणसवाडीतल्या एका छापखान्यात काम मिळालं. लग्नपत्रिका छापून झाल्या की नावं, तारखा तपासून गठ्ठे बांधायचे. तिथे ते सहा वर्षं होते. चाळीतले अर्ज पुन्हा भरायला लागले, पण पेन्सिलीच्या टिकल्यांची सवय काही गेली नाही.

मालनने लॅबलाही पत्र लिहिलं, स्वतःच्या नावाने. हेरंब तिच्याशी पंधरा दिवस बोलला नाही, पण त्याने तिला काढलं नाही. त्याचंही तिला ओझंच वाटलं. काकांना एका मिनिटात काढलं होतं. वर्षभराने तिने स्वतःच दुसरी नोकरी धरली. अजूनही ती तेच काम करते. नवीन ठिकाणी गेली की पहिल्या दिवशी ती कोडमध्ये मुद्दाम चूक घालते आणि बिल्ड थांबतं का ते बघते. लोक तिला फार काटेकोर म्हणून मान देतात. त्या मानाने ती खूश होत नाही, हे मी पाहिलं आहे.

एक गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. मला सांगितली तीही फार उशिरा. लॅबच्या पत्राला जोडलेल्या रिपोर्टवरचा पुतळाबाईंचा पत्ता तिने उतरवून घेतला होता. लॅबला पत्र पाठवल्यानंतरच्या एका शनिवारी ती अँटॉप हिलला गेली. सरकारी कॉलनी, तळमजला. दार सुनेने उघडलं. पुतळाबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या, सत्तरीच्या, बारीक अंगाच्या. लॅबमधून आलीय असं समजून त्यांनी आधी हातच पुढे केला, रक्त काढायला.

मालनने सांगायला सुरुवात केली. कॉम्प्युटर, रिपोर्ट, दुसऱ्या बाईचं नाव. पुतळाबाईंना अर्धं कळलं, अर्धं नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे मी गोळी दोनदा नव्हती खाल्ली?"

"नाही आजी. तुम्ही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच खाल्लीत."

घरच्यांना नीट कोणीच काही सांगितलं नव्हतं. म्हातारी विसरते, दोनदा गोळी घेतली आणि पडली, असंच सगळे समजून होते. तेव्हापासून गोळ्यांचा डबा वरच्या फळीवर गेला होता.

पुतळाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "हिला सांग ना. मोठ्याने सांग."

मालनने स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सुनेला पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून. सून ऐकत राहिली. गॅस बारीक केला, पदराला हात पुसले.

"हे कधीचं?" तिने विचारलं.

मालनने महिना सांगितला.

"आणि तुम्ही आत्ता सांगताय?"

मालन म्हणाली, "हो."

सुनेने फळीवरचा डबा काढला, सासूच्या खाटेवर तिच्या मांडीशी ठेवला आणि मालनला पाणीही न विचारता पुन्हा गॅसकडे वळली. मालन "येते आजी" म्हणून निघाली. पुतळाबाई गोळ्यांची पाकिटं एकेक काढून उजेडाकडे धरून वाचत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.